बिल आणि बर्फ

हॉटेलात जेवायला जाणारी माणसं दोन तऱ्हेची असतात. मेन्यूकार्ड डावीकडून वाचणारी आणि उजवीकडून वाचणारी. डावीकडे पदार्थांची नावं असतात, उजवीकडे दर. मी बी.कॉम. झालेला माणूस, त्यातून पोटापाण्यासाठी बँकेत कारकुनी. साहजिकच मी उजवीकडून सुरुवात करतो. आधी आकडा मुक्रर करायचा आणि मग त्या आकड्यासमोर जे काय छापलेलं असेल त्याचीच आपल्याला भूक लागली आहे, असं मनाला समजवायचं. आमच्या कुटुंबाला ही पद्धत पसंत नाही. पण तिच्यामुळे हॉटेलातून आल्यावर आमच्या घरी आजवर कोणाला झोप लागली नाही असं झालेलं नाही, एवढं नम्रपणे नमूद करतो.

मध्यंतरी आमच्या शाखेतले कॅशियर युरोपची सहल करून आले. सहलीहून आलेला माणूस चॉकलेटं वाटतो. यांनी चॉकलेटं वाटलीच, पण वर एक बिलही दाखवायला आणलं. स्वित्झर्लंडात जिथे लोक पायांना फळ्या बांधून बर्फावरून घसरतात, तसल्या एका डोंगरावरच्या रेस्टॉरंटचं.

"खाल्लंत काय एवढं?" मी विचारलं.

"चीज वितळवून ठेवलं होतं. त्यात पावाचे तुकडे बुडवून खायचे. पाव शिळा होता."

"शिळा?"

"मुद्दाम शिळा. ताजा आत विरघळतो म्हणे."

फ्रँकांचे रुपये करून तो आकडा त्यांनी तोंडाने न सांगता कागदावर लिहून दाखवला. माणसं आजाराचं नाव जसं लिहून दाखवतात, तसा.

आता बँकेत आम्हाला एक गोष्ट घोटून शिकवलेली असते. कुठलाही आकडा डोळ्यांत खुपला की मागच्या नोंदी काढायच्या. शिळा पाव आणि वितळलेलं चीज यांना माणूस एवढे पैसे का मोजतो? ही प्रथा कोणी पाडली? म्हणून मी आल्प्स पर्वतावरच्या जेवणाच्या मागच्या नोंदी काढत बसलो. पार हजार वर्षं मागे गेलो, तेव्हा कुठे ओपनिंग बॅलन्स सापडला. तो शून्य होता.

स्वित्झर्लंड आणि इटली यांच्यामध्ये ग्रेट सेंट बर्नार्ड नावाची खिंड आहे. उंची सुमारे २,४७० मीटर. आपली कळसूबाई १,६४६. म्हणजे कळसूबाईच्या डोक्यावर तिची निम्मी बहीण उभी केली की साधारण तिथवर हात पोचेल. या खिंडीत १०५०च्या सुमारास बर्नार्ड नावाच्या धर्मगुरूने एक मठ उभारला. वाटसरूंना बर्फातून वाचवायचं, शेकोटीपाशी बसवायचं आणि जेवू घालायचं, हे मठाचं काम. तू कोण, कुठल्या धर्माचा, असं विचारायचं नाही. आणि निघताना बिल द्यायचं नाही. डोंगरावरच्या हॉटेल-धंद्याची सुरुवात ही अशी झाली. त्यात धंदा तेवढा नव्हता.

या मठाची कुत्री जगप्रसिद्ध आहेत. गळ्यात ब्रँडीचं पिंप बांधलेला सेंट बर्नार्ड कुत्रा आपण चित्रात पाहतो. मात्र मठात असं पिंप बांधत असल्याचा पुरावा नाही. ते पिंप एडविन लँडसिअर या इंग्रज चित्रकाराने १८२० साली आपल्या चित्रातल्या कुत्र्याच्या गळ्यात अडकवलं, आणि ते पुढे कोणालाच सोडवेना. कुत्र्यांना मठाने स्वयंपाकघरातही काम दिलं होतं. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे एक चाक बसवलं होतं. कुत्रा त्या चाकात चालायचा आणि चुलीवरचा मांसाचा गज फिरायचा. समोर मांस भाजतंय आणि आपण नुसतं चालतोय! दिवसभर दुसऱ्यांच्या नोटा मोजणाऱ्या आमच्या कॅशियरना ही हकीगत सांगितली, तर ते कितीतरी वेळ गप्प बसले.

या फुकट अन्नछत्राला पहिला मोठा हिसका दिला तो नेपोलियनने. मे १८०० मध्ये तो सुमारे ४० हजारांचं सैन्य घेऊन या खिंडीतून इटलीत उतरला. चित्रात तो उधळलेल्या पांढऱ्या घोड्यावर दिसतो. प्रत्यक्षात तो खेचरावर बसून गेला आणि खेचराचा लगाम खालच्या गावातल्या एका वाटाड्याच्या हातात होता. तोफा ओढायला झाडांचे बुंधे पोखरून त्यात नळ्या बसवल्या. म्हणजे गावाची झाडं गेली, माणसांची मजुरी झाली. वर मठात सैनिकांना पाव, चीज आणि वाइन मिळाली. नुसत्या वाइनच्याच २१ हजारांवर बाटल्या संपल्या असं हिशेब सांगतो. एकूण बिल ४० हजार फ्रँकांच्या घरात गेलं. नेपोलियन पुढे गेला, सम्राट झाला, हरला, बेटावर गेला, वारला. बिल तिथेच. अर्ध्याहून कमी रक्कम पन्नासेक वर्षांनी आली. उरलेल्या थकबाकीचा निकाल लागायला १९८४ साल उजाडलं. त्या वर्षी फ्रान्सचे अध्यक्ष फ्रान्स्वा मितराँ यांनी प्रतीकात्मक फेड करून प्रकरण मिटवलं.

आमच्या भाषेत याला 'वन टाइम सेटलमेंट' म्हणतात. १८४ वर्षांनी का होईना, कर्जदाराच्या गादीवर बसलेला माणूस बँकेची पायरी चढला, हेच आम्हाला अप्रूप.

नेपोलियनच्या बिलापेक्षा मला जास्त चटका लावून गेली ती मात्र पंधरा गुल्डनची एक नोंद. ती ऑस्ट्रियातली आहे. टिरोल आणि फोरार्लबर्ग या दोन प्रांतांच्या मधोमध अर्लबर्ग नावाची खिंड आहे. तिथे चौदाव्या शतकात हाइनरिश फिंडेलकिंड नावाचा एक गुराखी होता. फिंडेलकिंड हे आडनाव नव्हे. त्याचा अर्थच 'सापडलेलं पोर'. ज्या शेतकऱ्याला तो सापडला त्याला स्वतःची नऊ मुलं होती, हा दहावा. पुढे तो शेतकरी बुडाला. का बुडाला? तर दुसऱ्याला जामीन राहिला म्हणून! (आमच्या कर्ज विभागात जामीनदाराला सही करण्यापूर्वी ही गोष्ट वाचून दाखवावी, अशी माझी सूचना आहे.) बुडाल्यावर त्याने निम्मी मुलं चाकरीला घराबाहेर काढली. त्यात हाइनरिश होता.

तो अर्लबर्गापाशी एका सरदाराकडे डुकरं राखायला लागला. पहिल्या वर्षाचा पगार दोन गुल्डन. दरवर्षी हिवाळा सरला की खिंडीत बर्फाखाली सापडलेली माणसं लोक आणायचे. पाखरांनी डोळे खाल्लेली. हा ते बघायचा. दहा वर्षांत त्याने १५ गुल्डन साठवले आणि गावात विचारत फिरला, वर एक निवारा बांधू, कोण मदत करतो? कोणी हललं नाही. तेव्हा त्याने आपले १५ गुल्डन काढले, ड्यूकची परवानगी मिळवली आणि १३८६ मध्ये खिंडीत, सुमारे १,८०० मीटरवर, सेंट क्रिस्टोफचा निवारा उभा राहिला. संध्याकाळी हा आणि त्याचा सोबती बर्फात बाहेर पडायचे, सापडेल त्याला आत आणायचे आणि खायला घालायचे. पहिल्या हिवाळ्यात सात जीव वाचले. सात वर्षांत पन्नास.

पंधरा गुल्डन संपल्यावर हा गुराखी युरोपभर वर्गणी मागत हिंडला. त्यातून बंधुमंडळ निघालं आणि मंडळाच्या वह्या तयार झाल्या. कोणी किती द्यायचं कबूल केलं ते नावानिशी, आणि नावाशेजारी त्या घराण्याचं रंगीत चिन्ह! अशी लेजरं मी उभ्या आयुष्यात पाहिली नाहीत. आमच्याकडे ज्या खात्याशेजारी रंग येतो, तो लाल असतो.

या सगळ्यावरून वाचकांचा असा समज होईल, की डोंगरातली माणसं खाऊनपिऊन सुखी होती आणि वाटसरूंवर मायेने जेवणं उधळत होती. तसं मुळीच नव्हतं. डोंगरात उन्हाळा चार महिन्यांचा, जमीन ओंजळभर. स्वित्झर्लंडच्या वाले प्रांतात पाव वर्षातून मोजक्याच वेळा भाजायचे, गावाच्या सामाईक भट्टीत. मग तो राय धान्याचा पाव महिनोन्‌महिने फळीवर. कापायला सुरी पुरत नसे, खास पातं लागायचं. शिळा पाव ही आवड नव्हती, कॅलेंडर होतं. शेजारच्या फ्रेंच साव्हॉय प्रांतात गाईच्या दुधाच्या मापावर खंड ठरायचा. तेव्हा शेतकरी काय करत? मापन करणारा येई तेव्हा गाय अर्धीच पिळत, आणि तो वळणाआड गेला की पुन्हा दूध काढायला बसत. त्या दुसऱ्या धारेच्या दुधाचं चीज म्हणजे रेब्लोशाँ. त्या नावातच पुन्हा दूध काढणं आहे, असं सांगतात. म्हणजे आज जे चीज डोंगरावरच्या महागड्या थाळीत बटाट्यांवर वितळवून देतात, त्याचा जन्म करबुडवेगिरीतला. म्हणूनच बहुधा ते इतकं चविष्ट लागतं.

आणि तरी पोटं भरत नव्हती. सतराव्या शतकापासून पुढे, टिरोल, फोरार्लबर्ग आणि स्वित्झर्लंडचा ग्राउब्युंडेन भाग इथली गरीब घरं दर वसंतात आपली मुलं उत्तरेला, जर्मनीतल्या स्वाबियात पाठवीत. सहा-सात वर्षांपासून चौदा वर्षांपर्यंतची. मार्चमध्ये, बर्फ पुरतं वितळायच्या आत, ही पोरं चालत निघायची. कित्येक तर याच अर्लबर्ग खिंडीतून. राव्हेन्सबुर्ग, फ्रीडरिक्सहाफेन अशा गावांत बाजार भरायचा. तिथे शेतकरी पोरं निवडून न्यायचे, गुरं राखायला. नोव्हेंबरात परत. मोबदला थोडी रोकड आणि दोन जोड कपडे. पण आईबापांच्या दृष्टीने खरा मोबदला वेगळाच होता. उन्हाळाभर घरात खाणारं एक तोंड कमी. फ्रीडरिक्सहाफेनचा बाजार १९१५ मध्ये बंद झाला आणि १९२१ मध्ये जर्मनीने परक्या मुलांनाही शाळेची सक्ती लावली, तेव्हा ही चाल संपली.

जामीन राहून बुडालेल्या त्या शेतकऱ्याने निम्मी मुलं बाहेर काढली होती, त्याला तेव्हा पाचशेवर वर्षं झाली होती. डोंगर तोच, हिशेब तोच.

मग अशा डोंगरात रेस्टॉरंटं आली कुठून? ती आणली पाहुण्यांनी. डोंगर बघायला पैसे देऊन येणारा माणूस ही अठराव्या शतकातली नवलाई. तिचा अर्थ पहिल्यांदा ओळखणाऱ्यांत शामोनीची एक मोलकरीण होती. मारी पारादी तिचं नाव. १८०८ मध्ये माँ ब्लाँ शिखरावर चढलेली ही पहिली बाई. तिला तिथे चढायची काही हौस नव्हती. वाटाड्यांनी सांगितलं, एकदा वर जाऊन ये, लोक तुला बघायला येतील, तुझ्याकडे चहापाणी घेतील. शेवटी तिला अक्षरशः ओढून वर नेलं. खाली आल्यावर लोक खरंच आले आणि तिचा ठेला चालला. गिर्यारोहणाच्या इतिहासात लोकांनी ध्यासापोटी, देशापोटी शिखरं सर केल्याच्या नोंदी आहेत. गिऱ्हाइकापोटी सर केल्याची ही माझ्या वाचनातली एकमेव.

दुसरा हुशार माणूस सेंट मॉरिट्‌झचा योहानेस बाड्रुट. कुल्म हॉटेलचा मालक. तेव्हा सगळे उन्हाळ्यात यायचे आणि थंडी पडली की पळायचे. १८६४ मध्ये त्याने चार इंग्रज पाहुण्यांशी पैज लावली, असं सांगतात. हिवाळ्यात येऊन पाहा. ऊन पडलं नाही तर प्रवासखर्च माझा. ते डिसेंबरात आले आणि ईस्टरपर्यंत हलले नाहीत. परत गेले ते रापलेले चेहरे घेऊन, लंडनच्या धुक्यात. जाहिरातीला आणखी काय लागतं? याच हॉटेलाने १८७९च्या सुमारास भोजनगृहात विजेचे दिवे लावले, स्वित्झर्लंडातले पहिले. पाहुण्याला ताटात काय वाढलंय ते दिसावं, हा हेतू असावा. बिल तर अंधारातही वाचता येतं.

अर्लबर्गच्या खिंडीचं गाडं मात्र तेवढ्यात बसलं. १८८४ मध्ये खालून रेल्वेचा बोगदा निघाला आणि वरची वाट ओस पडली. पाचशे वर्षं ज्यांना वाचवायचं ते वाटसरूच उरले नाहीत. अशा वेळी देवळातला देव उपाशी राहतो. पण तिथे नवे भाविक आले. ३ जानेवारी १९०१ रोजी काही स्कीवाले त्याच सेंट क्रिस्टोफच्या निवाऱ्यात जमले आणि त्यांनी अर्लबर्ग स्की क्लब काढला. ज्या बर्फापासून माणसांना वाचवायला ते घर बांधलं, त्याच बर्फावर मुद्दाम पडायला माणसं तिथे येऊ लागली. घसरून दमलेला माणूस आणि वाट चुकलेला माणूस यांना भूक मात्र सारखीच लागते. फरक एवढाच, की घसरणाऱ्याच्या खिशात पाकीट असतं.

आता पाहुण्यांना वाढायचं काय? इथे आमच्या कॅशियरनी खाल्लेला तो पदार्थ येतो, फाँड्यू. आल्प्समधल्या गरीब गुराख्यांचं प्राचीन जेवण म्हणून तो वाढला जातो. वाढपी डोंगरी जाकीट घालून उभा असतो, भिंतीवर गाईच्या घंटा टांगलेल्या असतात. प्रत्यक्षात वाइनमध्ये चीज शिजवण्याची जुनी लेखी कृती १६९९ सालची आहे आणि ती सापडते झुरिच शहरात. चांगलं मुरलेलं चीज गुराखी विकायचा, वितळवायचा नाही. फाँड्यूला राष्ट्रीय पदार्थ केला तो स्विस चीज युनियनने. १९१४ मध्ये स्थापन झालेली ही संस्था चीज किती करायचं आणि केवढ्याला विकायचं ते ठरवायची. चीज खपेना, तेव्हा तिने १९३० च्या दशकात घरोघर फाँड्यूचा प्रचार केला. १९९९ मध्ये युनियन बरखास्त झाली, पदार्थ राहिला. पावाचा तुकडा भांड्यात पडला तर सगळ्यांना वाइन पाजायची, असा त्याचा दंडक आहे. तळाशी करपून जो थर बसतो तो खरवडून मानाने वाटून घेतात. खरवड! आमच्याकडे ती मिळवायला भावंडांत मारामाऱ्या व्हायच्या, पण तिचं बिल कोणी लावलं नव्हतं.

पुढचा इतिहास उंचीचा आहे. सोळा वर्षं डोंगर पोखरून १९१२ मध्ये रेल्वे युंगफ्राउयोखला, ३,४५४ मीटरवर पोचली. शिल्टहॉर्नच्या माथ्यावर, २,९७० मीटरवर, गोल फिरणारं रेस्टॉरंट बांधत होते. ते पुरं करायला जेम्स बाँडच्या सिनेमावाल्यांनी पैसे घातले. १९६९ मध्ये सिनेमा लागला आणि सिनेमातलंच 'पिट्‌झ ग्लोरिया' हे नाव हॉटेलने ठेवून घेतलं. गिऱ्हाईक स्वस्थ बसून जेवतंय आणि भोवती पर्वत फिरताहेत. बिल आल्यावर फिरतात ते वेगळेच.

युंगफ्राउयोखला आपल्या लोकांसाठी हिंदुस्थानी जेवणही मिळू लागलं. मुंबई-पुण्याहून निघालेली सहल बर्फात फोटो काढून झाल्यावर वरणभाताची चौकशी करते, हे त्या स्विस लोकांनी बरोबर हेरलं. त्या उंचीवर पाणी साधारण ८८ अंशांनाच उकळतं. म्हणजे डाळ उकळतेय असं दिसतं, पण शिजत नाही. सरकारी फायलींसारखं. तिथे प्रेशर कुकरला पर्याय नाही.

आता उजवीकडच्या आकड्याबद्दल. डोंगरावरचं प्रत्येक बटाटं खालून वर जातं. पूर्वी माणसाच्या आणि खेचराच्या पाठीवरून जायचं, आता दोराच्या पाळण्यातून, कुठे हेलिकॉप्टरने. आणि खाऊन झाल्यावर साल खाली आणावी लागते. पाणी, सरपण, स्वयंपाकी, सगळं तसंच. शिवाय कमाईचे महिने मोजके. हे सगळं धरूनही कॅशियरचा आकडा जरा मोठाच होता. पण मला आता तो पूर्वीइतका खुपत नाही. ज्या गावांनी पोरं खिंडीपार पाठवली, त्या गावांतली पोरं आज त्याच खिंडीत थाळ्या आणून देतात आणि रात्री आपल्या घरी झोपतात. बिल लावायला शिकली, म्हणून ही माणसं डोंगरात राहिली.

जुन्या चालीचे अवशेषही शिल्लक आहेत. जर्मनी-ऑस्ट्रियातल्या गिर्यारोहक मंडळांच्या झोपड्यांतून सभासदांसाठी एक स्वस्त, पोटभरीची थाळी ठेवतात. चहासाठी नुसतं गरम पाणीही मिळतं. त्याचे पैसे घेतात, हे खरं. पण ते उकळतात कमी अंशांवर.

राहता राहिला तो पंधरा गुल्डनचा निवारा. १९५७ मध्ये तो आगीत जळाला आणि नव्याने बांधला. आज तिथे ऐषारामी हॉटेल आहे. शेजारच्या रेस्टॉरंटच्या तळघरात बोर्दो वाइनच्या भल्या थोरल्या बाटल्यांचा नामांकित साठा आहे, आणि मोरीकडे जायला जिना नको असेल त्याला चक्क घसरगुंडी आहे. दिवसभर घसरून ज्यांचं समाधान होत नाही अशांसाठी. हाइनरिशने हे पाहिलं असतं तर तो काय म्हणाला असता, याचा विचार मी केला. डुकरं राखलेला माणूस. तो बहुधा काहीच म्हणाला नसता. आधी दार उघडून बाहेर कोणी राहिलंय का ते बघून आला असता.

आणि त्याचं बंधुमंडळ? मध्ये एका सम्राटाने ते मोडीत काढलं होतं, पण पुन्हा उभं राहिलं. आज त्याचे सभासद हजारोंनी आहेत, वर्गणी भरतात, आणि त्या पैशांतून अडचणीत सापडलेल्या घरांना मदत जाते. घरातला कर्ता गेला, मुलं उघडी पडली, अशा घरांना. मुद्दल पंधरा गुल्डन, ठेवीदार अनाथ, तारण काही नाही, जामीनदार तर नाहीच. असं खातं आमच्या मॅनेजरांनी उघडू दिलं नसतं. ते सहाशेवर वर्षं चालू आहे.